कुठले वानखेडे

हर्षिताला मॅनटीचं वेड लागलं ते सहावीत असताना. शाळेत प्रत्येकानं एकेका प्राण्यावर प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्यांनी वाघ, शार्क, पेंग्विन पटापट उचलले आणि जो कुणालाच नको होता तो हिच्या वाट्याला आला. करड्या रंगाचा, भरलेल्या पोत्यासारखा, म्हशीहून थोराड, दिवसभर पाण्याखालचं गवत चरणारा प्राणी. त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती. महिन्याभरानं घरात दुसरा विषयच उरला नाही. मॅनटीला समुद्राचं गार पाणी सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात फ्लोरिडातले मॅनटी नदीतून आत येतात, जमिनीतून उमाळून येणाऱ्या झऱ्यांपाशी गोळा होतात, तिथलं पाणी बारा महिने सारखंच कोमट असतं, हे सगळं आईबाबांना पाठ झालं. क्रिस्टल रिव्हर नावाच्या गावी माणसांनाही त्यांच्याजवळ पाण्यात उतरू देतात, हे कळल्यावर तर तिनं तिथं जायचा हट्टच धरला.

"हात लावायचा नाही, पाय मारायचे नाहीत," ती सांगायची. "बाबा, यू जस्ट फ्लोट. एवढंच. यू कॅन डू दॅट, राइट?"

धर्मराज वानखेडेला तेवढंही येत नव्हतं.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये घर घेऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. तो एका तेल कंपनीत प्रोसेस इंजिनिअर, बायको पायल हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट. कॉलनीचा स्विमिंग पूल घरापासून हाकेच्या अंतरावर, हर्षिता तिथल्या टीममध्ये पोहायची, आणि धर्मराज कडेच्या खुर्चीत टॉवेल घेऊन बसायचा. "आमच्या गावी पूल नव्हता," असं त्यानं तिला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. वाशीम जिल्ह्यातल्या त्याच्या गावात पूल नव्हता, पण विहीर होती. पायऱ्यांची, मोठी, गावातली सगळी पोरं उन्हाळ्यात तिच्यात उड्या मारायची. सगळी म्हणजे बौद्धवाड्यातली सोडून. धर्मराज दुसरी-तिसरीत असताना चेंडूच्या मागे धावता धावता तिच्यात पडला. वरच्या पोरांनी आरडाओरडा केला, कुणीतरी दोर टाकला, तो वाचला. मग विहिरीवर डिझेलचं इंजिन लावलं आणि ती तळापर्यंत उपसली. इंजिन चालू असेपर्यंत त्याचे वडील काठावर हात जोडून उभे होते आणि ओला पोरगा त्यांच्या पायाशी. तेव्हापासून पाणी गळ्याच्या वर आलं की त्याला ते इंजिन ऐकू यायचं.

हर्षिताला यातलं काही माहीत नव्हतं. बाबासाहेब माहीत होते. दर रविवारी डॅलसच्या संघमित्रामावशी ऑनलाइन धम्मवर्ग घ्यायच्या, त्यात धर्मराजनंच तिचं नाव घातलं होतं. ती त्रिशरण म्हणायची, चौदा एप्रिलला भाषण करायची. तिला जात माहीत होती ती पुस्तकातली. घरातली माहीत नव्हती. पायल म्हणायची, सांगून टाक. तो म्हणायचा, थोडी मोठी होऊ दे.

त्या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या मुलीनं बापाला तरंगायला शिकवलं. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची, त्याच्या पाठीखाली हात धरायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही फाइट करताय. डोंट फाइट." सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याला श्वास घ्यायची स्नॉर्कलची नळी लावून, तोंड खाली करून, हातपाय सैल सोडून पडता यायला लागलं. हर्षितानं पूलच्या काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

सहलीला सोबत असणार होते सत्यजित आणि यामिनी. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, पुण्याचे, त्यांची आन्या हर्षिताची जिवाभावाची मैत्रीण. दोन्ही घरांना एकमेकांच्या गॅरेजचा कोड ठाऊक होता. सत्यजित पहिल्यांदा घरी आला तेव्हा हॉलमधल्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर क्षणभर थांबला होता आणि "फ्रेम मस्त आहे" म्हणून पुढं झाला होता. नंतर कधी तो विषय निघाला नाही. न विचारणं हा त्याच्या मनाचा मोठेपणा आहे, असं धर्मराजनं धरून चाललं होतं.

यामिनी प्लॅनिंगमध्ये पटाईत. ऑक्टोबरपासून शुक्रवारी संध्याकाळी तिच्या किचनमध्ये बैठका व्हायच्या. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग डेची सोमवारची सुट्टी, तो लाँग वीकेंड ठरला. टँपापर्यंत विमान, पुढं ड्राइव्ह. कालव्याच्या काठचं एक घर मिळालं, मागच्या अंगणातच धक्का असलेलं. सकाळी लवकरची बोट घ्यायची, कारण उशीर झाला की गर्दी होते आणि पाणी गढुळतं. हर्षिता प्रत्येकाच्या वेटसूटचं, गार पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचं, माप घ्यायची, टेप घेऊन, टेलरसारखी. रोज तिथलं हवामान बघून सांगायची. "थंडी हवी," म्हणायची. "जितकी थंडी, तितके जास्त मॅनटी."

डिसेंबरच्या एका शनिवारी सत्यजितनं ख्रिसमसचे दिवे लावायला धर्मराजला बोलावलं. तो शिडीवर चढला, धर्मराजनं खाली शिडी धरली.

"आई येतेय जानेवारीत," सत्यजित वरून म्हणाला.

"अरे वा! मग ट्रिपलाही?"

"येणार ना. तिला एकटीला घरी कुठं ठेवणार? पाण्यात नाही उतरायची, बोटीत बसेल." त्यानं पन्हाळीला एक क्लिप अडकवली, मग दुसरी. "एक बोलायचं होतं यार. म्हणजे, तुला माहितीय, मी या गोष्टी मानत नाही."

पुढचं वाक्य यायच्या आधीच धर्मराजला ते कळलं. ही सुरुवात त्यानं कॉलेजात ऐकली होती, पहिल्या नोकरीत ऐकली होती. सत्यजितच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

"आई जुन्या वळणाची आहे," सत्यजित पुढं म्हणाला. "आता या वयात काय बदलणार? एका घरात राहायचंय, एकच किचन. तिचा मूड गेला की सगळ्यांच्याच सुट्टीचा विचका. तिनं विचारलंच, तर तू उगाच डिटेलमध्ये जाऊ नकोस, एवढंच. तू वानखेडे आहेस ना. तुमच्याकडे वानखेडे सगळ्यांतच असतात. चालून जाईल."

"काय चालून जाईल?"

"आडनाव रे."

शिडी सोडून सरळ घराकडं चालायला लागावं, असं धर्मराजला वाटलं. पण वर माणूस होता.

"बघू," तो म्हणाला.

संध्याकाळी पायल ड्यूटीवरून आली. तिनं बूट काढेपर्यंत त्यानं सगळं सांगून टाकलं.

"आणि तू काय म्हणालास?"

"बघू म्हणालो."

"बघू?" पायल नागपूरची, इंदोऱ्यात वाढलेली. तिच्या माहेरी गच्चीवर निळा झेंडा असायचा आणि कुणी विचारायच्या आधी उत्तर दारावर लिहिलेलं असायचं. "त्यानं तुला तोंडावर सांगितलं की खोटं बोल, आणि तू त्याची शिडी धरून उभा राहिलास?"

"हर्षिता वर्षभर या ट्रिपवर डोळे लावून बसलीय, पायल. आता कॅन्सल केलं तर तिला काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. आपण तिघं जाऊ, वेगळे."

"आन्याशिवाय ती येईल? आणि आन्यानं विचारलं तर? त्या पोरींना कशाला यात ओढायचं? म्हातारी विचारेल याची तरी काय खात्री? चार दिवसांचा प्रश्न आहे."

"तुझा आहे चार दिवसांचा," पायल म्हणाली. "मी येत नाही. त्या वीकेंडला मी ड्यूटी घेते. तिला सांग, आईला काम निघालं. तेवढं एक खोटं मी बोलते तुझ्यासाठी."

*

सत्यजितच्या आईला, मालिनीकाकूंना, बघितल्यावर धर्मराजला आपण उगाच घाबरलो असं वाटलं. त्या पुण्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. ताठ कणा, पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, हसताना डोळे बारीक व्हायचे. विमानात त्यांनी हर्षिताला शेजारी बसवून घेतलं, मॅनटीची सगळी माहिती विचारली आणि खरंच ऐकली. टँपाहून गाडीनं जाताना तिला डिंकाचा लाडू दिला. घरी पोचल्यावर दोन्ही मुलींच्या वेण्या घालून दिल्या. "केस काय सुंदर आहेत गं तुझे," म्हणाल्या. हर्षिता त्यांना आजी म्हणायला लागली होती.

फ्लोरिडात त्या आठवड्यात नेमकी थंडीची लाट आलेली. हर्षिताला आनंद मावत नव्हता. धक्क्यावर उभी राहून ती कालव्याच्या काळ्या पाण्यात डोळे फाडून बघत होती. एकदा जवळच फुस्स असा मोठा श्वास ऐकू आला, एक करडं नाक वर आलं आणि गेलं. ती धावत आत आली, तिला बोलताच येईना.

रात्रीच्या जेवणाला काकूंनी मुगाची खिचडी केली होती. सगळे एका टेबलाभोवती बसले. हर्षिता अजून त्या नाकाचंच वर्णन करत होती. काकूंनी तिच्या ताटात तूप वाढलं, आणि हात पुसता पुसता धर्मराजकडं वळल्या.

"कुठले वानखेडे तुम्ही?"

"वाशीमकडचे, काकू."

"ते झालं हो गाव. आमच्या शाळेत एक वानखेडे सर होते, अमरावतीचे. देशमुख घराण्यातले. त्यांच्यातलेच का तुम्ही?"

यामिनी पाणी आणायला उठली. टेबलावर पाण्याचा जग भरलेला होता. सत्यजितनं फोन उचलला आणि त्यात बघायला लागला.

"हो," धर्मराज म्हणाला. "तिकडचेच."

हर्षिताचा घास तोंडाशी थांबला. "बाबा, बट वी आर बुद्धिस्ट."

काकू हसल्या. "अगं, बुद्धाला आपण सगळेच मानतो. विष्णूचा नववा अवतार तो."

"नाही, आजी." हर्षिता उद्धटपणे बोलत नव्हती, वर्गात चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तसं बोलत होती. "ही इज नॉट. आमच्या क्लासमध्ये शिकवतात. बाबासाहेबांनी सांगितलंय, ते खरं नाहीये. बाबा, सांगा ना."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच होतं, फक्त डोळे बारीक नव्हते. सत्यजितनं फोनवरून नजर उचलून धर्मराजकडं बघितलं. त्या नजरेत विनंती होती. ती पाहून धर्मराजला किळस आली, आणि तरी तो तिला बळी पडला.

"कसला तरी ऑनलाइन क्लास आहे, काकू," तो म्हणाला. "मैत्रिणीच्या नादानं जाते. तिकडं काहीबाही ऐकते."

"यू साइन्ड मी अप," हर्षिता म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

"हर्षिता, जेव आधी."

तिनं खाली मान घालून चमच्यानं खिचडी गोळा केली, पसरली, परत गोळा केली. मग आन्याही जेवायची थांबली. काकू म्हणाल्या, "असू दे, मुलं आहेत," आणि उद्या बोटीवर थर्मास न्यायचा का, असं यामिनीला विचारायला लागल्या.

*

सकाळी पाण्यावर वाफ तरंगत होती. काकू सगळ्यांच्या आधी उठून पोहे करून बसल्या होत्या. सत्यजित, यामिनी आणि आन्यापुढं घरातल्या पांढऱ्या बशा आल्या. धर्मराज आणि हर्षितापुढं कागदी प्लेटा.

"धुवायची कटकट नको," काकू म्हणाल्या. "बोटीची वेळ झालीय."

यामिनीनं ते बघितलं. तिनं बशांचं कपाट उघडलं, क्षणभर आत बघत उभी राहिली, आणि बंद केलं. धर्मराजनं पोहे खाल्ले. हर्षितानं तिची प्लेट तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बोट घराच्या मागच्या धक्क्यालाच आली. मागं सुकाणूवर एक म्हातारा कॅप्टन, आणि सोबत गाइड म्हणून एक तरुण मुलगी. तिनं नियम सांगितले: जवळ जायचं नाही, ते आले तर येऊ द्यायचे, पाण्यात बोलायचं नाही, ओंडक्यासारखं पडून राहायचं. हर्षिता हे सगळं तोंडपाठ म्हणू शकली असती. ती बोटीच्या टोकाला वेटसूट घालून, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. काकू मधल्या बाकावर शाल गुंडाळून.

झऱ्याच्या तोंडाशी नांगर टाकला. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाची पांढरी वाळू हाताला लागेल असं वाटत होतं. त्या वाळूवर, बोटीच्या सावलीपासून जरा दूर, गोल मोठ्या सावल्या निजल्या होत्या. एकेक सावली हळूच वर यायची, श्वास सोडायची, खाली जायची. धर्मराजनं वर्षभर ऐकलं होतं, पण हे इतकं शांत असेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

आन्या उतरली, मागोमाग सत्यजित, यामिनी. गाइड पाण्यातून हर्षिताला हात करत होती.

"चल," धर्मराज म्हणाला. "आपण दोघं उतरू. तू म्हणतेस तसा तरंगतो मी."

"आय डोंट वॉन्ट टू."

"हर्षिता, यासाठी आपण एवढं लांब आलोय."

"त्यांच्याबरोबर नाही जाणार." तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. "आणि तुमच्याबरोबर पण नाही. यू मेड मी अ लायर."

त्यानं हातातली स्नॉर्कल खाली ठेवली. मग वळून मधल्या बाकापाशी गेला.

"काकू, काल मी खोटं बोललो," तो म्हणाला. "हर्षिता खरं बोलत होती. आम्ही देशमुख नाही. आम्ही बौद्ध आहोत. तो क्लास मीच लावलाय."

काकूंनी शाल सारखी केली. "माहितीय मला."

"काल कळलं ना?"

"छे, काल कसलं? पुण्यातच माहीत होतं. निघायच्या आधी सत्यजितनं फोनवर सांगितलं होतं. आई, ते त्यांच्यातले आहेत, पण माणसं चांगली आहेत, तू विषय काढू नकोस, म्हणाला."

धर्मराजला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग तुम्ही विचारलंत कशाला?"

"बघावं म्हटलं, काय सांगता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुख्याध्यापिकेच्या खोलीत पालकांशी बोलावं तसं त्या बोलत होत्या. "वाईट वाटून घेऊ नका, धर्मराज. मी आयुष्यभर सगळ्या थरांतली मुलं शिकवली. मला कुणाचं वावडं नाही. खोटेपणाचं मात्र आहे. तुम्ही सरळ सांगितलं असतंत तर मला तुमच्याबद्दल आदर वाटला असता. लपवलंत, तेही पोटच्या मुलीसमोर. मग लोकांनी तुमच्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?"

"तुमच्याच मुलानं मला सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून. तुम्हाला चालणार नाही म्हणाला."

"तो कशाला असं म्हणेल? त्याच्या डोक्यात असलं काही नसतं." काकूंनी मान हलवली. "हेच चुकतं बघा. चूक आपली, आणि बोट दुसऱ्याकडं."

हर्षिता केव्हा उठून जवळ आली होती, दोघांनाही कळलं नव्हतं.

"आजी, सकाळी आम्हाला पेपर प्लेट्स का दिल्या?"

"अगं बाळा, धुवायला नकोत म्हणून."

"मग फक्त आम्हालाच का?"

काकू पाण्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ते बघ, केवढा मोठा आला."

हर्षितानं बघितलं नाही.

बोटीपासून थोड्या अंतरावर सत्यजितचं डोकं वर आलं. त्यानं मास्क कपाळावर सरकवला, चेहरा आनंदानं फुलला होता. "धर्मा! ये ना यार, वर काय करतोयस? पिल्लू आहे! आईला चिकटून चाललंय!"

धर्मराज कठड्यापाशी गेला. "सत्या, तू मला शिडीवरून काय सांगितलंस आणि काकूंना फोनवर काय सांगितलंस?"

सत्यजितनं आधी त्याच्याकडं, मग त्याच्यामागं बसलेल्या आईकडं बघितलं. शेजारून गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. आवाजानं जनावरं बुजतात. सत्यजितनं तिच्याकडं बघून सॉरीची खूण केली, मास्क खाली ओढला, स्नॉर्कल दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं. मग तो तसाच तरंगत राहिला, हातपाय सैल सोडून, नियमाप्रमाणे. यामिनी त्याच्या पलीकडं होती. तिनं डोकं वर काढलंच नाही.

सहल संपेपर्यंत बाप आणि मुलगी कोरड्या वेटसूटमध्ये बोटीच्या दोन टोकांना बसून राहिले. आन्या ओलीचिंब वर आली तेव्हा रडत होती. तिला वाटलं हर्षिता तिच्यावरच रुसलीय. कुणी तिला काही सांगितलं नाही.

*

दुपारच्या आत धर्मराजनं बॅगा गाडीत टाकल्या. त्याला अडवायला सत्यजित बाहेर आला. "अरे, एवढ्यावरून? मी दोन्ही बाजूंनी सांभाळून घ्यायलाच बघत होतो ना? कुणी दुखावू नये म्हणून," तो म्हणाला. तो मनापासून बोलत होता, आणि धर्मराजला ते शिवीपेक्षा लागलं. त्यानं काच वर केली.

टँपाच्या रस्त्यावर त्यानं हर्षिताला विहिरीची गोष्ट सांगितली. चेंडू, दोर, इंजिन, हात जोडलेले आजोबा. एवढी वर्षं मनात त्या गोष्टीची वाक्यं जुळवून ठेवली होती, पण सांगताना ती सगळी गळून पडली. हर्षितानं कानातले इअरबड्स काढून ठेवले होते.

"सो दे एम्प्टीड द होल वेल?"

"हो."

"बिकॉज तुम्ही त्यात पडलात."

"हो."

मग ती मराठीत बोलली, शब्द शोधत, हळूहळू. "आणि तरी तुम्ही काल 'तिकडचेच' म्हणालात. ज्यांनी विहीर रिकामी केली, त्यांच्यातले."

त्यानं गाडी चालवत ठेवली. तिचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. आपण कुणासाठी खोटं बोललो हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. "तुझ्यासाठी" हा शब्द ओठांवर आला, आणि तो तिच्या हातात द्यायची त्याला लाज वाटली.

घरी आल्यावर त्यानं पायलला सगळं सांगितलं, क्लासबद्दल काय म्हणाला तेही. ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं हर्षिताला जवळ घेतलं आणि तिच्या खोलीचं दार लावून दोघी बराच वेळ बोलत बसल्या. धर्मराज बाहेर वेटसूटच्या बॅगा रिकाम्या करत होता.

पुढच्या आठवड्यात यामिनी हर्षिताची राहिलेली हूडी घेऊन आली. धुऊन, इस्त्री करून. दारात उभी राहूनच म्हणाली, "आई मार्चमध्ये परत जातील. मग एकदा निवांत बसू या का?"

"नको," पायल म्हणाली, आणि हूडी घेतली.

सत्यजितनं ग्रुपवर फोटो टाकले: आन्या आणि तिच्याकडं तोंड करून थांबलेलं पिल्लू. खाली लिहिलं होतं, तुम्हाला खूप मिस केलं. धर्मराजनं तो ग्रुप सोडला. शाळेच्या बसमध्ये दोन्ही मुली आता वेगळ्या बसतात. आन्यानं काही दिवस हर्षितासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती, नंतर सोडली.

हर्षिता बापाशी बोलते. गणित विचारते, राइड मागते, कधी हसतेही. रागावली आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. पण कुणी घरी आलं आणि त्यानं काही सांगायला सुरुवात केली, ऑफिसातली साधी गोष्ट का असेना, की ती आधी आईकडं बघते. खरं आहे का, एवढंच तिला बघायचं असतं. धर्मराजला ते दिसतं, आणि तो गोष्ट लवकर संपवतो.